आमची वाटचाल: सायलेन्सरच्या शेडपासून हायब्रिडच्या कॅटपर्यंत

भोसरीत २००४ साली आम्ही दोघा भावांनी पत्र्याची शेड भाड्याने घेतली, तेव्हा बोर्डावर एवढंच होतं: 'सायलेन्सर वेल्डिंग करून मिळेल'. दादा वेल्डिंग करायचा, मी गिऱ्हाईक आणि उधारी सांभाळायचो. दोन्हींत अवघड काम माझं होतं, असं मी आजही म्हणतो.

तेव्हाचं एक काम सांगताना लाज वाटते. गाडी चढाला दम टाकते अशी तक्रार आली की आम्ही इंजिनचा विषारी धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'कॅट', खाली उतरवायचो, गज घालून आतलं सिरॅमिकचं पोळं फोडायचो आणि रिकामा डबा परत चढवायचो. गाडी पळायची, गिऱ्हाईक खूश. फोडलेली 'माती' भंगारवाला रोख पैसे देऊन न्यायचा. मातीचे कोणी पैसे का देईल, हा प्रश्न आम्हाला पडला नाही. तिच्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं हे फार उशिरा कळलं. २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव आभाळाला भिडला आणि रात्री रस्त्यावर उभ्या असलेल्या मारुती इको गाड्यांचे सायलेन्सर आतल्या कॅटसाठी चोरीला जायला लागले. सकाळी सकाळी फटफट आवाज करत एकेक इको आमच्या दारात. मातीचा हिशोब खरा तेव्हा डोक्यात शिरला. कॅट फोडून द्यायचं मात्र आम्ही त्याआधीच बंद केलं होतं. त्याला कारण एक सिव्हिक.

होंडाची सिव्हिक हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्हींवर चालणारी गाडी, भारतात आली २००८ मध्ये, तीही बाहेरून तयार होऊन. त्यामुळे तिचा पार्ट शोधायचा म्हणजे देव पाण्यात ठेवायचे. आमच्याकडे एक आली २०१९ मध्ये. बाजारात मिळाला तो स्वस्तातला कॅट आम्ही जोडून दिला. दोन महिन्यांत चेक इंजिनचा दिवा परत लागला. इंजिन ऑइल पीत होतं, आणि ऑइलमधलं फॉस्फरस कॅटच्या थरावर बसलं की कॅट निकामी होतो, मग तो कितीही नवा असो. पैसे परत दिले. दादा म्हणाला, "कॅट आपोआप मरत नाही रे, त्याला कोणीतरी मारतं. मारणारा गाडीतच राहिला." त्या दिवसापासून कारण सापडल्याशिवाय आम्ही कॅटला हात लावत नाही.

गेल्या वर्षी निगडीचे एक निवृत्त डॉक्टर टोयोटाची कॅमरी हायब्रिड घेऊन आले. २०१३ ची, सेकंडहँड घेतलेली. दिवा लागलेला, स्कॅनरवर पी ०४२०, म्हणजे कॅट नीट काम करत नाही असा कोड. एका वर्कशॉपने लाखाच्या वरचं एस्टिमेट दिलं होतं. "अहो, गाडीचीच किंमत आता किती उरलीय?" असं म्हणत त्यांनी मला तो कागद दाखवला.

हायब्रिड तपासायची तर पहिली अडचण ही की गाडी उभी राहिली की इंजिन बंद होतं. कॅट तापतच नाही, मापणार काय? टोयोटात त्यासाठी मेंटेनन्स मोड लावावा लागतो. ब्रेकला पाय न लावता बटण ऑन करायचं आणि मिनिटाच्या आत उरकायचं: गिअर पी (पार्क) मध्ये ठेवून अॅक्सिलरेटर दोनदा पूर्ण दाबायचा, एन (न्यूट्रल) मध्ये दोनदा, परत पी मध्ये दोनदा. मग ब्रेक दाबून स्टार्ट. आमचा पोरगा हे करताना पूजेत आचमन केल्यासारखा मोजतो. आता इंजिन चालू राहतं. पीयूसीवाल्यालाही हे आम्हीच शिकवलं.

इंजिन चालू ठेवल्यावर कळलं की एक सिलिंडर अधूनमधून मिस मारतोय. डॉक्टरांना ते कधी जाणवलंच नव्हतं, कारण हायब्रिडमध्ये मोटर ते झाकून नेते. न जळलेलं पेट्रोल मात्र कॅटमध्ये जाऊन जळत होतं. कॅटच्या पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून भोकातून कॅमेरा घातला. पोळ्याची बारीक घरं एका बाजूने वितळून ओघळली होती, ताटात काकवी सांडून थिजावी तशी. डॉक्टर बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे तर लिव्हरसारखं झालंय."

आधी चार स्पार्क प्लग आणि एक इग्निशन कॉइल बदलली. मग हायब्रिडच्या मोठ्या बॅटरीचा प्रवाह तोडणारा डिकीतला सर्व्हिस प्लग काढला, दहा मिनिटं थांबलो. २४४ व्होल्टशी खेळ नको, आणि वेल्डिंग गाडीवर तर मुळीच नाही. कॅट खाली उतरवला, मूळचे फ्लॅंज आणि सेन्सरचे आटे तसेच ठेवून मधला डबा कापला आणि ४०० सेलचा, म्हणजे चौरस इंचाला ४०० घरं असलेला, नवा आर्गन वेल्डिंगने जोडला. २०० सेलचा निम्म्यात मिळतो, पण हायब्रिडचं इंजिन सारखं बंद-चालू होतं, कॅट सारखा गार होतो, तिथे तो पुरत नाही. सेन्सरला स्पेसर लावून, म्हणजे तो धुरापासून जरा लांब सरकवून, नुसता दिवा घालवणारेही आहेत. तसलं काम मागणाऱ्याला आम्ही चहा पाजून परत पाठवतो.

सगळं मिळून बिल झालं ३८,०००. बीएस-४ पेट्रोलला पीयूसीत आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. डॉक्टरांची गाडी त्याच्या कितीतरी खाली आली.

आमचा आता नियम आहे की जुना कॅट गिऱ्हाइकाचा, तो आम्ही पोत्यात घालून परत देतो. वितळला तरी त्यातला धातू कुठे जात नाही. डॉक्टरांनी पोतं डिकीत टाकलं. तासाभराने भंगारवाल्याच्या दुकानातून त्यांचा फोन, आवाज एकदम दबका: "अहो, हा माणूस मातीचे इतके पैसे का देतोय?"