तुम्ही विचारलंत म्हणून: कुठल्या देशाची गिटार घेऊ?

क्लासला येणारी मुलं विचारतात, त्यांचे वडील फोन करून विचारतात. "सर, इलेक्ट्रिक गिटार घ्यायचीय. इंडोनेशियाची चालंल, का थांबून जपानची, अमेरिकेची घेऊ?" पूर्वी मी छातीठोक उत्तर द्यायचो. आता देत नाही, तर लोकांना वाटतं मी टाळतोय. टाळत नाही. एकदा सगळं सांगतो.

मार्च महिना होता. बारावीची परीक्षा संपवून एक मुलगा नवी गिटार घेऊन आला. इंडोनेशियाची. वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर, ओव्हरटाइम करून घेऊन दिलेली. नेकच्या, म्हणजे गिटारीच्या दांड्याच्या, कडेनं हात फिरवला तर फ्रेटची, म्हणजे त्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं बोचत होती. पहिल्या फ्रेटवर एफ कॉर्ड धरला की सूर चढायचा. मी ॲम्पला केबल जोडायच्या आधीच म्हणालो, "इंडोनेशियाची ना? अशीच असणार. विकून टाक."

त्यानं विकली, येईल त्या भावाला. दुसरी घेतली नाही. क्लासही सुटला.

जुलैत तीच गिटार माझ्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हातात दिसली. हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकाच्या, मागचा ओरखडा मी ओळखला. टोकं आता बोचत नव्हती. मार्चच्या कोरड्या हवेत फिंगरबोर्डचं, म्हणजे फ्रेट बसवलेल्या फळीचं, लाकूड आकसलं होतं, म्हणून टोकं बाहेर आली होती; पावसात ते परत फुगलं. टोकं घासायचं काम उन्हाळ्यावर ठेवलं. नटच्या, म्हणजे हेडस्टॉकपाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा उथळ होत्या, तारा उंच राहायच्या, दाबताना ताणल्या जायच्या, म्हणून सूर चढायचा. बारीक कानस घेऊन खाचा खोल केल्या, ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई, पाव फेरा आवळली. तासाभराचं काम. मग एफ धरला. स्वच्छ वाजला.

पुढं त्या मुलाचे वडील रंकाळ्यावर भेटले. मी सगळं सांगून टाकलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "आमचा माल भायेर देशात जातो न्हवं, तिथं पण कोन असंच म्हणत असंल, सर. इंडियाचा हाय, टाका बाजूला."

मला काही बोलता आलं नाही.

फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीनं 1982 मध्ये जपानमध्ये काम सुरू केलं, मात्सुमोतोच्या फुजिजेन कारखान्यात. तोवर जपानी गिटार म्हणजे नक्कल, असंच बोललं जायचं. आज त्या सुरुवातीच्या गिटारी लोक शोधत फिरतात. त्याच कंपनीचा एक कारखाना कॅलिफोर्नियात कोरोनाला, दुसरा सीमेपलीकडं मेक्सिकोत एन्सेनाडाला. सकाळी गाडी काढली तर दुपारपर्यंत पोचाल. पीआरएस या दुसऱ्या अमेरिकी कंपनीची स्वस्तातली एसई मालिका कोरियातून इंडोनेशियात आली, ती काही वाईट झाली नाही. कामगाराला रेखाटन काय दिलं, तपासायला वेळ किती दिला, यावर माल ठरतो. शिरोलीच्या फाउंड्रीत कुणालाही विचारा.

पण मग अमेरिकन गिटार हातात घेतली की मीच गप्प होतो. नेकच्या कडा हाताला लागत नाहीत, इतक्या गोल केलेल्या. ट्रेमोलोचा, म्हणजे सूर हलवायच्या दांडीच्या यंत्रणेचा, ब्लॉक पोलादी. स्वस्त गिटारीत तो बहुतेक जस्ताचा, पातळ. हा फरक मनाचा खेळ नाही, मी दोन्ही खोलून बघितलेत. माझ्यातला तो जुना मास्तर म्हणतो, बघ, देशानं फरक पडतोच. मी म्हणतो, पैशानं पडतो. तो म्हणतो, मग जपानच्या कारागिराच्या हाताची सवय, ती पैशात मोजशील का? इथं माझं उत्तर दर वेळी वेगळं येतं.

एवढं मात्र करा. दुकानात एफ धरून बघा, नेकच्या दोन्ही कडांवरून तळवा फिरवा आणि बजेटमधून सेटअपचे, म्हणजे खाचा, ट्रस रॉड नीट लावून घ्यायचे, पैसे बाजूला काढा. सेटअप माझ्याकडंच करा असं नाही.

त्या मुलाचा नंबर माझ्याकडं आहे. वडिलांनी दिला. दोनदा लावला, उचलला नाही.