खिळे, हातोडा आणि आबा

गेल्या आठवड्यात लंडनमधल्या एका लिलावाच्या प्रीव्ह्यूला जाऊन आले. एका माणसानं आयुष्यभर जमवलेली प्रायव्हेट प्रेसची, म्हणजे हौसेनं थोड्या प्रती सुबक छापणाऱ्या छोट्या छापखान्यांची पुस्तकं, तो गेल्यावर घरच्यांनी विकायला काढलेली. प्रत्येकात आतल्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तारीख, कधी घेतलं त्याची. प्रीव्ह्यू फुकट असतो आणि पुस्तकं चक्क हातात घेऊन बघता येतात हे मला इथे सात वर्षं काढून आत्ता कळलं, उगाच म्युझियमच्या काचांना नाक लावत फिरत होते.

गर्दी होती केल्मस्कॉट प्रेसच्या चॉसरपाशी, म्हणजे त्या जुन्या इंग्रजी कवीच्या ग्रंथापाशी. विल्यम मॉरिसनं १८९६ला काढलेलं, बर्न-जोन्सची ८७ चित्रं, कागदावर फक्त ४२५ प्रती, तेव्हा २० पौंडाला एक. देखणं आहेच, पण वेलबुट्टी इतकी की मजकूर शोधावा लागतो, लग्नाच्या स्टेजवर नवरानवरी शोधतो तसा.

मी अडकले डव्ह्ज प्रेसच्या बायबलवर. पाच खंड, १९०३ ते १९०५. चित्र एकही नाही. पहिल्या पानावर लाल 'आय' (I) हे अक्षर, मजकुराच्या वरपासून खालपर्यंत उभा, बस्स. आबा सांगलीत जुळारी होते, छापखान्यात शिशाची सुटी अक्षरं म्हणजे खिळे जुळवायचे, त्यांनी लहानपणी शिकवलेलं की पान उलटून मागून बोट फिरवायचं, खिळा किती रुतलाय ते कळतं. तिथल्या बाईंना विचारून फिरवलं. बारीक खरखर, ओळीन् ओळ सारखी.

आणि हे खिळे आहेत कुठे, तर थेम्समध्ये! डव्ह्जच्या दोन पार्टनरांचं फाटलं, कॉब्डन-सँडरसन मेल्यावर खिळे एमरी वॉकरला मिळायचे असं ठरलेलं, तर या म्हाताऱ्यानं १९१६-१७ मध्ये रात्री-रात्री हॅमरस्मिथच्या पुलावर जाऊन टनभर खिळे नदीत ओतले, थोडेथोडे नेऊन नेऊन. २०१४ला पाणबुड्यांनी काढले ते जेमतेम दीडशे.

लिलावात मोठ्या लॉटांकडे बघायचीही माझी ऐपत नव्हती, ऑनलाइन बसून सुट्या पानांच्या एका लॉटवर बोली लावली, १४०ला हातोडा पडला, मी खूश, आणि बिल आलं १८२चं. प्रीमियम, म्हणजे लिलाववाल्यांचं कमिशन, पंचवीस टक्के आणि प्रीमियमवर व्हॅट, अटींमध्ये लिहिलेलं होतं म्हणे. चाळीसेक वर्षांचा संग्रह दुपारच्या चहाआधी दोनशे ठिकाणी गेला.

पान व्हिडिओ कॉलवर आबांना दाखवलं. चष्मा पुसून, फोन डोळ्याला लावून बघत राहिले. "स्पेस बघ गं, दोन शब्दांत कसली बारीक टाकलीय." मग पुलाची गोष्ट सांगितली. जरा वेळ गप्प. त्यांच्या छापखान्यात ऑफसेट, म्हणजे बिनखिळ्यांची छपाई, आलं तेव्हा सगळे खिळे पोत्यात भरून भंगारवाल्याला दिले होते, वजनावर, आणि पोती यांनीच शिवली होती.

"टनभर म्हणालीस ना," आबा म्हणाले, "आणि एकट्यानं नेले? शिसं जड असतं गं."