बऱ्हाणपूरला माल का नाही देत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. रावेरात माझ्याकडे केळीचे वेफर्स घ्यायला येणारं जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, "ताई, बऱ्हाणपूर तं हे इथं. तिथं का नाही देत माल?"

खरंच इथंच आहे. रेल्वेने जळगावपेक्षा जवळ. फारूकी सुलतानांच्या काळी तर खानदेशची राजधानीच ती. आता ते मध्य प्रदेशात, मध्ये राज्याची हद्द आहे, आणि माझा धंदा त्या हद्दीशी येऊन थांबतो.

माझी वर्षाची विक्री नऊ-साडेनऊ लाखांची. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकला तर ४० लाखांपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही. पण परराज्यात एक पाकीट जरी विकायचं म्हटलं, तरी नोंदणी सक्तीची. कंपोझिशनची, म्हणजे छोट्या धंद्यांनी विक्रीवर ठरावीक टक्के कर भरून मोकळं व्हायची, सोपी वाटही बंद, कारण त्यात परराज्यात विकताच येत नाही. नोंदणी झाली की रावेरातल्या पाकिटावरही कर लावायचा, व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० रुपये भरायचे, आणि रिटर्नला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये दंड.

नियमांचा मला कंटाळा नाही. अन्न नोंदणी, दुकानाचा गुमास्ता, वजनमापाची पॅकर नोंदणी, सगळं वेळेवर केलंय.

गेल्या श्रावणात, ऐन उपवासांत, बऱ्हाणपूरच्या एका दुकानदारांचा फोन आला. ६० पाकिटं हवी होती. मी कच्ची केळी सोलत होते, चिकाने दोन्ही हात काळे झालेले. फोन यांनी माझ्या कानाला लावून धरला. पाकिटामागे आठ रुपये सुटतात, म्हणजे ६० पाकिटांचे ४८० रुपये. रिटर्न भरून देणाऱ्यांनी नुसती महिन्याची फीच ८०० सांगितली होती. मी नाही म्हणाले. त्यानंतर कढईपाशी उभं राहवेना.

आमच्या तालुक्यातली ताजी केळी ट्रक भरभरून परराज्यात जाते, तिच्यावर कर नाही. तीच केळी मी किसणीवरून तेलात सोडली की हद्द आडवी येते. सेवा देणाऱ्यांना सरकारने सूट दिलीय. उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर परराज्यात काम केलं तरी नोंदणी लागत नाही. ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंनाही अशी सूट आहे. मग घरच्या कढईत तळलेल्या मालाला का नको? सीमेवरच्या गावाला जवळची बाजारपेठ पलीकडचीच असते, हे नियम करणाऱ्यांना कळायला हवं होतं.

मालालाही तीच २० लाखांची मर्यादा द्या, एवढंच मागणं आहे. पहिली ६० पाकिटं मी स्वतः गाडीत बसून पोचवीन.