इनलाइन फंक्शन, एक पत्ता आणि वाया गेलेले दोन दिवस

प्रोग्राम कोसळला. लॉगमध्ये पत्त्यांचा स्टॅक ट्रेस (कुणी कुणाला बोलावलं याची यादी) होता, त्याच बिल्डची डीबग फाइलही (पत्त्यावरून कोडची ओळ शोधायची माहिती) जपून ठेवलेली होती. पाच मिनिटांचं काम, म्हटलं. दोन दिवस गेले.

पत्त्यावरून ओळ सांगणाऱ्या ‘अॅडर-टू-लाइन’ (addr2line) या साधनाला सगळ्यात वरचा पत्ता दिला, तर त्याने हेडरमधल्या चार ओळींच्या एका मदतनीस फंक्शनकडे बोट दाखवलं. हे फंक्शन आमच्या कोडमध्ये जागोजागी वापरलंय. मग या वेळी कुणी बोलावलं? ट्रेसमध्ये त्याचा पत्ताच नाही, कारण ऑप्टिमायझरने (कंपायलरचा कोड वेगवान करणारा भाग) ते बोलावणाऱ्याच्या पोटातच घातलेलं, म्हणजे इनलाइन केलेलं. कॉलच झाला नाही, तर परतीचा पत्ता कुठून येणार? (ओ-झिरोने, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद ठेवून, बिल्ड करून पाहिलं. कोसळायचंच थांबलं!)

डीबग फाइलमधलं लाइन टेबल फक्त पत्त्यावरून ओळ सांगतं. कुणाच्या पोटात कोण, हे ड्वार्फच्या (डीबग माहिती साठवायचा फॉरमॅट) डीबग-इन्फो विभागात असतं. मूळ फंक्शनची एक अमूर्त नोंद, आणि ते जिथे जिथे मिसळलं तिथे ‘इनलाइन्ड सबरूटीन’ची वेगळी नोंद. तिच्यात मूळ नोंदीकडे दुवा, शिवाय कॉल-फाइल आणि कॉल-लाइन, म्हणजे कॉल कोणत्या फाइलमधल्या कोणत्या ओळीवर लिहिलाय ते. मला हवी होती ती नेमकी कॉल-लाइन.

म्हणून डंप काढून हाताने शोधत बसलो. प्रत्येक नोंदीची सुरुवात आणि शेवट पाहायचा, आपला पत्ता मधे बसतो का बघायचं. कुठेच बसेना. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कंपायलरला शिव्या घालत होतो. मग लक्षात आलं, काही नोंदींना शेवटचा पत्ताच नाही, तिथे ‘रेंजेस’, म्हणजे पत्त्यांच्या अनेक तुकड्यांची यादी, आहे. ऑप्टिमायझर मिसळलेल्या फंक्शनचे तुकडे करतो, क्वचित चालणारा भाग लांब नेऊन टाकतो. माझा पत्ता तिसऱ्या तुकड्यात होता. ड्वार्फ माहिती छापणाऱ्या ‘एलएलव्हीएम-ड्वार्फडंप’चा ‘लुकअप’ पर्याय हे स्वतःच शोधून देतो, आणि ‘अॅडर-टू-लाइन’ला नुसता ‘आय’ जोडला असता तर सगळ्यात आतल्यापासून बाहेरपर्यंत पूर्ण साखळी छापून मिळाली असती. एका अक्षरासाठी दोन दिवस!

हो, प्रोग्राम पीआयई (मेमरीत कुठल्याही पत्त्यावर लोड होऊ शकणारा) असेल तर आधी लोड झालेला मूळ पत्ता वजा करा. आणि वरची फ्रेम (ट्रेसमधली एक नोंद) सोडून बाकीच्या पत्त्यांमधून आणखी एक वजा करा. तो परतीचा पत्ता असतो, म्हणजे कॉलच्या पुढची सूचना, आणि ती भलत्याच इनलाइन फंक्शनची असू शकते.

कॉल-लाइन उघडली. पॉइंटर न तपासताच पुढे दिला होता. ती ओळ माझीच.

डीबग फाइल फार फुगते म्हणून काढून टाकणार असाल, तर क्लॅंग कंपायलरचा ‘जी-लाइन-टेबल्स-ओन्ली’ पर्याय लावा. व्हेरिएबल्स जातात, इनलाइनची साखळी राहते.