जाखाई, जोखाई आणि त्र्यंबकची वाट

पौषातली थंडी होती. सातपूर मागे पडलं तरी आदल्या रात्रीचं कीर्तन डोक्यातून जात नव्हतं. बुवांनी तुकोबांचा ‘नव्हे जाखाई जोखाई’ हा अभंग निरूपणाला घेतला होता. मायराणी, मेसाबाई, एकेका ग्रामदेवीचं नाव घेत बुवा हात झटकायचे आणि मंडपात हशा पिकायचा. माणूस नवस-बकऱ्यांच्या कचाट्यातून सुटावा, हा तुकोबांचा रोख मला पटतोच. पण हसू काही आलं नाही. कधीकाळी गावं राखणाऱ्या होत्या या.

पौष वद्य एकादशी निवृत्तिनाथांची. त्र्यंबककडे निघालेल्या दिंड्यांनी नाशिकपासून पुढचा रस्ता नुसता भरलेला. महिरावणीच्या पुढे एका विहिरीच्या काठी शेंदूर फासलेले सात दगड दिसले. माझ्या पुढच्या मावशींनी डोक्यावरची तुळस माझ्या हाती दिली, रांग सोडून गेल्या, हळदकुंकू वाहून आल्या. रात्री त्याच अभंगाला सगळ्यांत जोरात टाळ्या यांच्याच होत्या.

“मावशी, बुवा काय म्हणाले काल?”

“बुवांचं बुवांपाशी. आसरांना सांगून जावं लागतं. घरी लेकरं हायेत.”

साती आसरा मुळात पाण्याच्या देवता. पोरगं तापलं की मात्र ‘आसरा लागल्या’ म्हणतात. राखणारीच लागणारी झाली. पूतना आपल्याला ठाऊक ती कृष्णाला विष पाजणारी राक्षसीण. महाभारताच्या वनपर्वात ती स्कंदासोबतच्या बालग्रहांत येते. सोळा वर्षांपर्यंतच्या पोरांना हे ग्रह पीडतात आणि स्नान, धूप, बळी मिळाला की शांत होतात. राक्षसीण म्हणायचं आणि पूजाही चुकवायची नाही! लक्ष्मीची थोरली बहीण ज्येष्ठा, तिला तर पल्लवांच्या काळात दक्षिणेतल्या देवळांत जागा होती. आपल्याकडे तिची अक्काबाई झाली, जिचा फेरा कुणालाच नको.

अंजनेरीच्या पायथ्याशी चहाला टेकलो तेव्हा मावशींना अष्टार्तेची गोष्ट सांगितली. भूमध्य समुद्राकाठच्या जुन्या सिदोन शहराकडची मोठी देवी. बायबलातल्या शलमोन राजाने जेरुसलेमजवळ तिचं उच्चस्थान, म्हणजे उंचावरचं पूजास्थान, बांधलं होतं. इसवी सनापूर्वी सातव्या शतकात योशिया राजाने ते भ्रष्ट करून टाकलं. पुढे युरोपातल्या मांत्रिकांच्या पोथ्यांत तिच्याच नावाचा अस्टारोथ आला. नरकाचा सरदार, हातात साप, तोंडाला घाण वास.

“सरदार? म्हंजे बाप्या केला तिचा?” मावशींना सगळ्यांत जास्त तेच लागलं. “आन् बाया गप बसल्या?”

नव्हत्या बसल्या. यहुदी लोक परागंदा होऊन मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गेले, तेव्हा यिर्मया संदेष्टा त्यांच्यावर कडाडला होता. ‘स्वर्गाच्या राणी’ला धूप घालता, पोळ्या वाहता, म्हणून हे दिवस आले, असं त्याचं म्हणणं. ही राणी अष्टार्ता की मेसोपोटेमियातली देवी इश्तार, यावर अभ्यासक अजून भांडतात. लोकांनी, त्यांत बायकाही होत्या, त्याला तोंडावर सुनावलं: धूप होता तेव्हा पोटभर खात होतो, बंद केला तेव्हापासून सगळ्याची वानवा आणि तलवार मानेवर. बायबलमध्येच ते लिहून ठेवलंय.

“बराबर बोलल्या,” मावशी म्हणाल्या. चोपदाराची हाक आली तशी त्यांनी तुळस उचलली आणि त्र्यंबकपर्यंत मला आसरांच्या नवसाचे नियम समजावत राहिल्या.