उताराचा पाया
आज सकाळी ७ लाच जेसीबी आला आणि संगमेश्वरच्या आमच्या उतारावरच्या जागेत घराच्या पायाचं काम एकदाचं सुरू झालं. ४० फुटांत ६ फूट उतार, मला वाटायचं वरची माती कापून खाली भर टाकली की झालं सपाट, पण गवंडीकाका ठाम, भरावावर पाया नाही म्हणजे नाही, पावसात भराव बसतो आणि मग भिंतीला तडे जातात, म्हणून चर पायऱ्या-पायऱ्यांनी खणायचे आणि प्रत्येक पायरीचा तळ सपाट. वरच्या बाजूला दोन फुटांवरच कातळ लागला पण खालच्या कोपऱ्यात नुसती लाल माती, पाचव्या फुटाला एकदाचा जांभा मिळाला, काकांनी पहार आपटली तो खणखणीत आवाज अजून कानात आहे. पातळी मोजायच्या पाण्याच्या लेव्हल पाईपात बुडबुडा अडकलेला म्हणून पाऊण इंचाचा फरक येत होता, पाणी काढून परत भरलं तेव्हा जुळलं. उद्या पीसीसी, म्हणजे चराच्या तळाला साध्या काँक्रीटचा थर. पावसाआधी जोतं व्हायलाच हवं, आणि वरून येणारं पाणी वळवायला गटार त्याच्याही आधी.

संध्याकाळी आई आली, चराच्या कडेला बराच वेळ उभी राहिली, म्हणाली, स्वयंपाकघर इथेच ना रे?