टॅलेंट शो करताय? मग ट्रॅक नको, साथ हवी (इंदूरचा माझा अनुभव)

आमच्या इथल्या शाळेत मुलांचा इंटरॅक्ट क्लब आहे. रोटरीच्या छत्राखाली चालतो, 12 ते 18 वयाची मुलं असतात. 1962 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या मेलबर्न गावी पहिला इंटरॅक्ट क्लब निघाला आणि आता जगभर आहेत. वर्षातून निदान दोन तरी मोठी कामं करायची असा नियमच आहे. माझी मुलगी त्यात आहे आणि मी मोठी माणूस म्हणून सोबत असते, म्हणजे हिशेब, परवानग्या, मोठ्यांशी बोलणं हे माझ्याकडे. गेल्या डिसेंबरात मुलांनी टॅलेंट शो केला, जवळच्या सरकारी शाळेतल्या मुलांची डोळे तपासणी आणि चष्मे यासाठी पैसे उभे करायला. त्यानंतर इतक्या जणींनी विचारलं की काय काय करावं लागतं, की म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

सगळ्यात आधी तारीख, कारण इंदूरात तारीख चुकली की पुढचं काहीच जमत नाही. गणपती, मग अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथांची मिरवणूक), मग नवरात्र, मग सहामाही, मग दिवाळी, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत मुलं मोकळीच नसतात. जानेवारी लागला की दहावी-बारावीची मुलं प्रॅक्टिकल आणि प्री-बोर्डात अडकतात. मधे उरतो नोव्हेंबर-डिसेंबर, पण देवउठनी ग्यारस (कार्तिकी एकादशी) झाली की लग्नं सुरू होतात आणि मग साउंडवाला, जनरेटरवाला, खुर्च्या-गाद्यावाला, कोणीच फोन उचलत नाही, उचलला तर दुप्पट भाव. यावर उपाय आमच्या शेजारच्या काकूंनी सांगितला. त्या म्हणाल्या अगं पंचांग बघ ना, 16 डिसेंबरच्या आसपास सूर्य धनु राशीत गेला की खरमास लागतो, मग संक्रांतीपर्यंत लग्नाचे मुहूर्तच नाहीत. खरंच तसं झालं. खरमास लागल्यानंतरचा आणि नाताळच्या सुट्टीच्या आधीचा रविवार धरला. साउंडवाले भैया स्वतःच म्हणाले, "दीदी उस दिन तो हम फ्री हैं, आराम से करेंगे", आणि आदल्या दिवशी सामान लावूनही दिलं, जे लग्नाच्या दिवसांत कोणी करत नाही.

हॉल शाळेचाच घेतला. मुलांना शहरातलं मोठं रवींद्र नाट्यगृह हवं होतं आणि त्यांची हौस मला कळते, पण पहिल्यांदा स्टेजवर उभ्या राहणाऱ्या सातवीच्या पोराला एवढ्या मोठ्या हॉलमधल्या रिकाम्या खुर्च्या दिसल्या की तो अर्धा तिथेच संपतो, त्यापेक्षा छोटा हॉल गच्च भरलेला बरा. शिवाय शाळेच्या आजूबाजूचा 100 मीटर भाग नियमाने शांतता क्षेत्रात येतो, त्यामुळे मैदानात मोठे स्पीकर लावायचा प्रश्नच नव्हता, बंद हॉलच योग्य. वेळ दुपारी चारची ठेवली. डिसेंबरात इंदूरला रात्री चांगलीच थंडी पडते आणि कथकच्या झिरझिरीत ड्रेसमध्ये मुली विंगेत थंडीने कुडकुडत उभ्या राहिल्यात हे मला अजिबात बघायचं नव्हतं.

तिकीट ठेवायचं की नाही यावर बराच वाद झाला. आमच्या एका पालकांना कायद्याची माहिती आहे, त्यांनी नीट समजावलं. कॉपीराइटचा 1957 चा कायदा आहे, त्याच्या कलम 52 मध्ये सूट आहे. शाळेच्या शिक्षणाचा भाग म्हणून मुलांनी शिक्षकांनी गाणं-नाटक केलं आणि बघायला फक्त शाळेतली मंडळी आणि पालक असले तर चालतं. हौशी क्लबलाही सूट आहे, पण अट अशी की बघणाऱ्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत. आमच्याकडे बाहेरचे लोक येणार होते आणि मुलं सिनेमाची गाणी म्हणणार होती, म्हणून तिकीट बंद, पास फुकट. पैसे उभे केले स्मरणिकेच्या जाहिरातींतून. मुलं स्वतः दुकानादुकानात गेली, मिठाईवाले, वह्या-पुस्तकांचे दुकानदार, क्लासवाले, आणि चष्म्याचं काम आहे म्हटल्यावर लोक नाही म्हणत नाहीत हे मुलांनी स्वतः पाहिलं.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं. ऑडिशन.

ऑडिशनला मुलं आली ती सगळी मोबाइल घेऊन आली. गाणारी मुलं कराओके ट्रॅकवर, नाचणारी ट्रॅकवर, एक मुलगा तर तबला वाजवणार होता तोही ट्रॅकवर, म्हणजे गाणं मोबाइलमध्ये आणि हा खाली ठेका देतोय. लताबाईंचा जन्म याच शहरातला, 28 सप्टेंबर 1929, त्यामुळे इंदूरातल्या कुठल्याही ऑडिशनला लताबाईंची गाणी येतातच, आणि त्यातल्या दोन मुली खरंच सुरेल होत्या. पण दोघींच्या ट्रॅकची पट्टी मूळ गाण्याची, त्यांच्या गळ्याला उंच, वरच्या सुरावर दोघीही ओरडत होत्या. मी त्यांना म्हटलं मोबाइल बंद करा आणि तुमच्या पट्टीत म्हणा. हार्मोनियम वाजवणारी एक अकरावीची ताई होती, तिने काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी) सा म्हणून धरली आणि त्या दोघी एकदम वेगळ्याच गायला लागल्या. त्या क्षणी ठरवलं की आपला शो बिनट्रॅकचा करायचा, जिथे जिथे शक्य आहे तिथे मुलांनीच मुलांना साथ द्यायची.

हे बोलायला सोपं आहे, करायला फार वेळ लागतो, हे आधीच सांगते. ट्रॅक असला की मूल घरी एकटं बसून तयारी करतं आणि थेट स्टेजवर येतं. साथ असली की भेटावं लागतं. मग शनिवारी संध्याकाळी सुदामा नगरमध्ये एकाच्या घरी, रविवारी सकाळी रामबागेत दुसऱ्याच्या आजीकडे, अशा बैठका सुरू झाल्या. तबल्याचा मुलगा सगळ्यांना हवा होता. त्याच्याकडे काळी एकचा तबला होता, एक मुलगा काळी एकला गाणारा म्हणून त्याला तो षड्जात, म्हणजे सा ला, चालला, आणि काळी चारवाल्या मुलींना तोच तबला मध्यमात, म्हणजे त्यांच्या म ला, लागला, त्यामुळे दुसरा आणायची गरज पडली नाही. बीटबॉक्स करणारा एक मुलगा होता, त्याला कोणी साथीला धरत नव्हतं, तर त्या तबलेवाल्यानेच त्याला म्हटलं चल तू तोंडाने कायदा (तबल्याच्या बोलांची एक रचना) म्हण मी हाताने वाजवतो, आणि त्यांचा सवाल-जवाब शेवटी सगळ्यात जास्त टाळ्यांचा झाला. कथकच्या मुलींना लहरा (नाचामागे सतत फिरणारी सुरांची ओळ) हार्मोनियमवर मिळाला. शाळेत वर्गात एकमेकांशी न बोलणारी मुलं या निमित्ताने एकमेकांच्या घरी पोहे खाऊ लागली. क्लब म्हणजे मुळात हेच ना, नाहीतर पंचवीस मुलांनी पंचवीस आयटम आपापले केले तर त्याला क्लबचा कार्यक्रम कशाला म्हणायचं?

ट्रॅकवर पूर्ण बंदी मात्र घातली नाही. हिपहॉपचा ग्रुप ट्रॅकवरच नाचला, त्याला दुसरा मार्ग नाही.

मलखांबाच्या मुलांचं वेगळंच होतं. मध्यप्रदेशाचा हा राज्य-खेळ आहे, 2013 पासून, आणि व्यायामशाळेत जाणारी चार मुलं क्लबात आहेत. त्यांना हॉलमध्ये करायचं होतं. पण पुरलेला मलखांब लाकडी स्टेजवर उभा करता येत नाही, तो जमिनीत पक्का हवा, वर छताला पुरेशी उंची हवी, शिवाय मुलं खांबाला एरंडेल लावतात आणि अंगाला राळ, ते स्टेजवर सांडलं की पुढचा नाचणारा घसरून पडणार. त्यांच्या वस्तादांनीच सुचवलं की शाळेच्या मैदानात खांब आहेच तर तिथेच करू. मग कार्यक्रम मैदानातून सुरू झाला. खाली गाद्या, बाजूला वस्ताद उभे, माईक नाही स्पीकर नाही, नुसता एक ढोल. पास घेऊन आलेले लोक आधी तिथे जमले, मुलांनी मयूरासन, पताका केलं, आणि मग तीच गर्दी ढोलामागे हॉलमध्ये गेली. चार वाजता हॉल भरलेला! ज्यांनी कधी शाळेचा कार्यक्रम केलाय त्यांना माहीत आहे की वेळेवर हॉल भरणं किती कठीण असतं.

नंबर काढायचे नाहीत हे मी पहिल्या मीटिंगला सांगितलं होतं. रोटरी क्लबातल्या एका ज्येष्ठ सभासदांना ते पटलं नाही, ते म्हणाले बक्षीस नसेल तर मुलं मेहनत कशाला करतील. मी त्यांना एवढंच विचारलं, दादा, मलखांब आणि लताबाईंचं गाणं यात पहिला कोण हे तुम्ही कसं ठरवणार? आणि साथीला बसलेल्या मुलाला नंबर कुठला? ज्या मुलाने सात आयटमना तबला वाजवला त्याचा स्वतःचा आयटम एक, मग तो स्पर्धेत मागे पडणार हे कसं चालेल? शेवटी ते तयार झाले. सर्टिफिकेटवर प्रत्येकाने नेमकं काय केलं ते लिहिलं, "सात सादरीकरणांना तबलासाथ" असं, "पडदा व प्रवेश-व्यवस्था" असं. विंगेत काम करणाऱ्या मुलांनाही तेच सर्टिफिकेट, त्याच कागदावर.

विंगेबद्दल थोडं सांगते कारण लोक इथेच कमी लक्ष देतात. आयटम तीन मिनिटांचा असतो आणि मधला बदल पाच मिनिटांचा होतो, लोक कंटाळतात ते या मधल्या वेळेला. आम्ही क्रम असा लावला की साथीचे आयटम सलग, म्हणजे तबला-हार्मोनियम एकदाच मांडायचं, मग पडदा, मग सगळे नाच सलग. सहावी-सातवीची मुलं पहिल्या अर्ध्या तासात, त्यांना शेवटपर्यंत ताटकळत ठेवायचं नाही. एका मुलीकडे वही, त्यात प्रत्येक आयटमला किती माईक, बसून की उभं, लाइट कुठला, आत कुठून बाहेर कुठून. बसायच्या जागांवर फरशीला रंगीत टेप चिकटवले. ट्रॅक जे होते ते एका पेनड्राइव्हवर नंबर घालून, कोणाच्याही मोबाइलवरून काही वाजवायचं नाही, कारण मधेच कॉल आला की संपलं. साउंडवाल्या भैयांनी मुलांना शिकवलं की माईक शिट्टी का मारतो, स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरतो म्हणून, त्यामुळे स्पीकर नेहमी माईकच्या पुढे प्रेक्षकांकडे आणि माईक हातात घेऊन स्पीकरसमोर जायचं नाही. आणि तबला तासभर आधी स्टेजवर नेऊन ठेवायचा, थंड खोलीतून गरम लाइटखाली आणला की सूर सरकतो.

निवेदन मुलांनीच केलं, मराठी आणि हिंदी मिसळून, जसं आपण इंदूरात बोलतो तसंच. पाठ केलेलं भाषण नव्हतं आणि ते फार गोड वाटलं.

आणि मग ते झालं ज्याने माझी खात्री पटली. लताबाईंची गाणी म्हणणाऱ्या त्या दोघींपैकी आठवीतली मुलगी दुसरं कडवं विसरली. एकदम गप्प झाली. ट्रॅक असता तर गाणं पुढे निघून गेलं असतं आणि ती रडत आत आली असती, आपण सगळ्यांनी हे पाहिलेलं आहे. पण तबल्याच्या मुलाने ठेका सोडला नाही, दादरा ताल तसाच चालू ठेवला, हार्मोनियमवाल्या ताईने मुखड्याची ओळ वाजवली, मग पुन्हा वाजवली, आणि मुलीने मान वर करून बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मुखडा उचलला. लोकांना वाटलं असंच बसवलंय. ती आत आली ती हसत आली, आणि आधी तबल्यावाल्याला टाळी दिली.

खाण्याचं पटकन सांगते. पोहे-जलेबी आणि चहा. 2017 मध्ये स्वच्छतेत देशात पहिला नंबर आला तेव्हापासून इंदूरच्या मुलांना ओला-सुका कचरा शिकवावा लागत नाही, उलट तीच मोठ्यांना टोकतात. थर्माकोल, प्लास्टिक काहीच आणलं नाही, स्टीलच्या प्लेटा भाड्याने घेतल्या, डब्यांजवळ दोन मुलं उभी केली. संध्याकाळी हॉल झाडून किल्ली परत.

खर्च वजा जाता जे राहिलं त्यातून जानेवारीत डोळे तपासणी झाली. डॉक्टरांनी 6 मीटरवर तक्ता लावला, आमच्या मुलांनी रांग सांभाळली, नावं लिहिली. ज्यांना नंबर निघाला त्यातल्या बऱ्याच मुलांना शेवटच्या बाकावरून फळा दिसतच नव्हता आणि त्यांनी घरी कधी सांगितलं नव्हतं, त्यांना वाटायचं सगळ्यांना असंच धूसर दिसतं. फ्रेम त्यांनाच निवडायला दिली, कारण आवडीची नसली की मूल चष्मा दप्तरात ठेवून देतं. वाढत्या वयात नंबर बदलतो म्हणून डॉक्टरांनी वर्षाने परत तपासायला सांगितलंय, त्यासाठीचे पैसे क्लबच्या खात्यात वेगळे काढून ठेवलेत, आणि या वर्षीची तारीख मुलांनी पंचांग बघून आधीच धरली आहे.